खालच्या टोकाला

सुतार मी नाही. आचारीही नाही.
गावोगाव फिरून विजेचे मीटर वाचतो.
इया इथं होती तोवर स्वयंपाकघरात माझं काम
घट्ट बसलेली झाकणं उघडून देण्यापुरतं.

ऑक्टोबर. काखेतीत द्राक्षं उतरलेली.
शेजारच्या लामारानं बादलीभर रस
पायरीवर आणून ठेवला.
"यंदा पोरांना चुर्चखेला नाही की काय?"
एवढं म्हणून गेली.
मदतीचं काही बोलली नाही.

म्हणजे आधी टांगायला घोडी हवी.
अडगळीत बाचोची कठड्याची खाट होती.
ही माझी आहे, कापायची नाही, बाचो म्हणाला.
मग म्हणाला, मीच कापणार.
करवत दोघांनी धरली, म्हणजे मी धरली
आणि तो माझ्या मनगटाला लोंबकळला.
वरच्या पट्टीवर त्याच्या पहिल्या दातांचे खड्डे,
पांढरा रंग उडून लाकूड दिसणारे.
तेवढं घासू नका, ग्वांत्सानं बजावलं.
आठ वर्षांची आहे. कधी कधी वाटतं,
जाताना आईनं सगळं घर
हिच्याच कानात सांगून ठेवलंय.

सात खिळे वाकले. आठवा अंगठ्यात.
घोडी उभी राहिली, लंगडी,
एका पायाखाली विजेची जुनी बिलं, घडी घालून.

अक्रोड रात्रभर भिजलेले. सुई गोणपाटाची.
ग्वांत्सा ओवते: अर्धुक, अर्धुक,
कुशीला कूस लावून.
बाचो ओवतो: एक दोऱ्यात, दोन पोटात.
खालच्या टोकाला काहीतरी अडकवावं लागतं,
नाहीतर सगळे घसरतात.
काडेपेटीतली अर्धी काडी, मी सांगितलं.
बाचो उठून गेला, बराच वेळ आला नाही,
आला तो मूठ मिटून.
मला तेव्हा बघायला सवड कुठली,
रसात पीठ पडत होतं
आणि पिठाच्या गोट्या होत होत्या.

इयाला फोन लावला. इटलीत, बारी शहरात दुपार,
तिची म्हातारी नुकती झोपलेली,
म्हणून ती कुजबुजत:
पीठ आधी थंड रसात कालव रे.
किती?
हाताला कळेल तेवढं.
कुणाच्या हाताला?
ती हसली असावी. किंवा म्हातारी जागी झाली.

दुसरं पातेलं जमलं.
उलथण्याच्या पाठीवर बोटानं रेघ ओढली
तर रेघ रेघच राहिली.
माळा बुडवल्या, उचलल्या, पुन्हा बुडवल्या,
जांभळे, गरम, जड थेंब
वर्तमानपत्रावर, कुत्र्यावर, बाचोच्या भुवईवर.
दोन दिवस चपला फरशीला चिकटून
आमच्या मागून चालत होत्या.
गांधीलमाश्या आल्या. ग्वांत्सा सुपानं वारा घालत
पहारा देत बसली, शाळा बुडवून.
मीही काही बोललो नाही.

काही जाड झाल्या, काही मधेच उघड्या,
अक्रोड गुडघ्यासारखे बाहेर आलेले.
त्यातल्या बऱ्या दहा
पंचात गुंडाळून ओतारच्या गाडीनं पाठवल्या.
गाडी तुर्कस्तान ओलांडते, ग्रीस ओलांडते,
ओतार वाटेत एखादी खातो, सगळ्यांना माहीत आहे.

नवव्या दिवशी फोन.
दात पडला असता माझा, इया म्हणाली.
कशानं?
ती बोलेना. मागे कुठंतरी तिच्या म्हातारीचा खोकला.
निळं आहे, म्हणाली. चार भोकांचं.

मी फोन कानाला तसाच धरून पडवीत गेलो.
खुंटीला तिचा हिवाळी कोट,
जूनमध्ये गेली ती तो न घेताच.
सर्वांत खालचं बटण नाही,
तिथं कात्रीचे अडाणी घाव,
बाचोच्या हाताच्या उंचीवर.

कोट उन्हात घाल, इतकंच ती म्हणाली,
कसर लागेल.

घातला. खाटेच्या त्याच पट्टीवर,
उरलेल्या माळांच्या शेजारी.
बाही एका माळेला चिकटलीय.
सोडवायला हवी, पण ग्वांत्सा म्हणते,
वाळू दे आधी,
ओलं ओढलं तर फाटतं.